मढवाट

स्पेनच्या डोंगरातल्या अर्तोबीला जाणारी बस पांप्लोनाहून दुपारी सुटायची, म्हणजे ड्रायव्हरचं जेवण आटोपून त्याने मिशा पुसल्या की सुटायची. टपावर कोंबड्यांची खुराडी, पिठाची पोती आणि आमच्या मासेमारीच्या काठ्या. खिडकीपाशी लेटी, तिच्या शेजारी हार्लन आणि त्यांच्या मागे मी. आमच्या दोस्तीत माझी जागा कायम तिथेच असायची, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडायची. मागे बसलं की पुढच्यांचं सगळं दिसतं.

आम्ही तिघंही पॅरिसला राहायचो. पहिलं महायुद्ध संपून बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्यापैकी कोणीच मायदेशी परतलं नव्हतं. मी विनिफ्रेड, डब्लिनची. लढाईत जखमींची गाडी चालवली आणि नंतर एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या पॅरिस कचेरीत बातम्या तपासायला बसले. ऐकीव गोष्ट छापायची नाही, हे माझं काम आणि माझा स्वभावही. हार्लन अमेरिकेचा, ओहायोचा. तोफगोळ्याचा तुकडा घुसल्यापासून त्याचा उजवा हात कोपरात वाकत नसे. म्हणून तो कुठेही गेला तरी टेबलाच्या उजव्या कडेला बसायचा, तो ताठ हात कोणाच्या बरगडीत जाऊ नये म्हणून खुर्ची जराशी बाहेर तिरपी करायचा, आणि पेला डावीकडे ओढून घ्यायचा. माँपार्नासच्या आमच्या कॅफेतला वेटर त्याचा पेला न सांगता डावीकडेच ठेवायचा.

लेटी इंग्लंडची. तिचा नवरा ऑब्री फ्लँडर्सच्या चिखलात बेपत्ता झाला होता. सरकारने त्याला कागदोपत्री मृत धरलं होतं, लेटीने मात्र धरलं नव्हतं. त्याच्या सामानाचं पार्सल घरी आलं, त्यात डाव्या हाताचा एक तपकिरी कातडी हातमोजा होता. एकच. अंगठ्यापाशी उसवलेला, आणि लेटीनेच कधीतरी काळ्या दोऱ्याने वाकडातिकडा शिवलेला. तो ती पर्समध्ये घेऊन फिरायची.

हार्लन तिला दर वसंतात लग्नाचं विचारायचा. ती हसायची.

"अरे, मी विवाहित बाई आहे."

"कुणाशी? हातमोज्याशी?"

"हातमोजा भांडत तरी नाही."

मग दोघंही हसायची आणि आणखी मागवायची. त्या काळी आम्ही सगळेच कशावरही हसायचो. देश, धर्म, बलिदान, काहीही काढा, कोणीतरी त्याची टर उडवायचंच. आता इतक्या वर्षांनी वाटतं, ते हसू ऐकायला पुन्हा एकदा त्या टेबलापाशी बसायला मिळावं. बाकी काही नको.

अर्तोबीत आम्ही ग्राशीबाईंच्या घरी उतरायचो. घराचं नाव ओलाबे. तिथे माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, घराच्या नावाने ओळखतात. म्हणून बाई गावात ओलाबेच्या ग्राशी होत्या. जाडजूड दगडी भिंती, खाली गाईंचा गोठा, वर पाहुण्यांच्या खोल्या, मागे मधमाश्यांच्या पेट्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा अर्जेंटिनात मेंढरं राखायला गेलेला. नदीतल्या ट्राउट माशांच्या पोटात खारवलेल्या डुकराच्या मांसाची चकती घालून त्या ते तळायच्या, त्या वासाने आम्ही नदीवरून धावत यायचो.

पहिल्याच वर्षी एका रविवारी आम्ही त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेलो. भक्ती वगैरे काही नाही, बाहेर पाऊस होता. तिथे फरशीवर प्रत्येक घराची ठरलेली जागा. त्या जागेवर त्या घराची बाई काळी ओढणी घेऊन बसते आणि पुढ्यात एक कोरीव लाकडी पाटी ठेवते. पाटीला मेणाची बारीक, लांबच लांब वात गुंडाळलेली असते. ती पेटवायची. घरातल्या मेलेल्यांना पलीकडे उजेड लागतो, तो या वातीचा.

बाहेर आल्यावर लेटीने विचारलं, "आणि ज्यांना घरच नाही, त्यांना उजेड कोण दाखवतं?"

"कोणी नाही," ग्राशीबाई म्हणाल्या. "ते अंधारात चाचपडतात बिचारे."

"म्हणजे आम्ही तिघं," हार्लन म्हणाला. "मेल्यावर पाटीवर कॅफेचा पत्ता लिहायचा, विनी."

लेटी हसली नाही. तिने पर्समधून हातमोजा काढून बाईंच्या हातात दिला आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. बाईंनी ती काळी शिवण अंगठ्याने चाचपली.

"याला पुरलं कुठे?"

"कुठेच नाही."

"मग तू अशीच टांगलेली राहणार, पोरी. तोही." त्यांनी मान हलवली. "ओलाबेत जागा आहे. माझ्यामागे कोण येणार आहे? पण रीतीने झालं पाहिजे. उद्या त्याला चर्चपासून मोठ्या रस्त्याने घरी आणा, पाहुणा येतो तसा. एक रात्र घरात राहू दे. परवा आपण त्याला मढवाटेने चर्चमध्ये नेऊ, मी मधमाश्यांना सांगेन, आणि त्याच्या नावाने वात लावीन. तो सुटेल, तूही सुटशील."

"खरंच सुटेन?" लेटीने विचारलं. विचारताना ती हार्लनकडे पाहत होती. हार्लनने तोंड फिरवलं, पण मी मागे होते, त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

मढवाट म्हणजे प्रत्येक घराची आपापली वाट. घरातून चर्चकडे जाणारी, घरच्यांचं मढं नेण्यासाठी राखलेली. ओलाबेची वाट दोन दगडी बांधांमधून, ओकच्या झाडांखालून, एका ठेंगण्या दगडी क्रुसाला वळसा घालून उतरत होती. तिच्यावर नांगर घालत नाहीत, गुरं चारत नाहीत. मोठा रस्ता मात्र गिरणीला फेरी मारून येतो.

दुसऱ्या दिवशी चर्चसमोरच्या चौकात गावकऱ्यांचा चेंडूचा खेळ चालला होता, आणि आम्हाला कातड्याच्या बुधलीतून दारू पाजल्याशिवाय कोणी हलू देईना. निघालो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. हार्लनने हातमोजा आपल्या ताठ हाताच्या मुठीत धरला आणि सरळ बांधांमधली वाट धरली.

"अरे, मोठ्या रस्त्याने आणायला सांगितलंय," लेटी म्हणाली.

"रस्ता तो रस्ता. ऑब्री पायदळातला माणूस, त्याला कशाला लांबून फिरवतेस? चल, मासे गार होतील."

आम्ही चढून वर आलो. अंगणात ग्राशीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. आम्हाला त्या वाटेने येताना पाहून त्या उठल्या, मांडीवरचं भांडं खाली पडलं आणि शेंगा अंगणभर झाल्या.

"तिकडून आणलंत?"

"जवळची वाट होती ना, बाई," हार्लन म्हणाला.

"त्या वाटेने घरातून जातात. घराकडे कोणी येत नाही." त्या शेंगा गोळा करायला वाकल्या, तशाच वाकून राहिल्या. "आता त्याला कोण समजावणार, की जायचं असतं म्हणून? त्याला वाटणार, आपल्याला घरी आणलं."

हार्लनने माझ्याकडे पाहून डोळा मारला. आम्ही जेवायला बसलो. सगळं नेहमीसारखंच होतं. फक्त चौथी खुर्ची भिंतीपासून ओढून टेबलाला लावलेली होती. ती बाईंनी लावली असेल असं मला वाटलं, आणि बाईंना वाटलं आमच्यापैकी कोणी.

तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे हातमोजा मढवाटेने चर्चमध्ये नेला. बाईंनी आधी पेट्यांवर बोटांनी टकटक करून मधमाश्यांना सांगितलं, की घरात एक जण वाढला, मेण जास्त करा. वात लावली. ती नीट पेटलीही. पण परत निघताना हातमोजा उचलला तर तो ओला होता, आणि बाईंनी वात विझवली ती मान हलवतच.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस. हे मी लपवणार नाही. सकाळी नदीवर धुकं असायचं, पाणी बर्फासारखं गार, आम्ही बुधली पाण्यात बुडवून ठेवायचो आणि ओल्या नेच्याच्या पानांत मासे गुंडाळून झाडाखाली झोपायचो. लेटीच्या गालांवर रंग आला. तिला शांत झोप लागायला लागली. पॅरिसमध्ये तिची बोटं सारखी काही ना काही कुरतडायची, ती थांबली. हार्लन तिच्याकडे पाहायचा आणि मला हळूच म्हणायचा, "सुटली बघ, विनी. म्हातारीने सोडवली तिला."

एकदा आम्ही तिघं एकाच ठिकाणी बसलो होतो आणि नदीच्या वळणापलीकडे कोणीतरी गळ टाकत होतं. दोरीचा हवेत होणारा तो सूंऽऽ असा आवाज, थोडं थांबून पुन्हा तोच. टाकणारा सराईत होता.

"छान टाकतो," हार्लन म्हणाला. "कोण आहे बघून येतो."

तो गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. "कोणी नाही. दगड ओले आहेत फक्त."

"तो गळ टाकण्याआधी दोनदा हवेत फिरवतो," लेटी म्हणाली. तिने डोळेही उघडले नव्हते. "मी किती सांगायचे, एकदा पुरे म्हणून."

हार्लनने बुधली उचलली आणि बराच वेळ पीत राहिला.

पांप्लोनाच्या बैलांच्या जत्रेला आम्ही तिघांनी जायचं ठरलं होतं, खोल्या सांगून ठेवल्या होत्या. बस आली. लेटी पायांत सपाता घालून, हात पुसत अंगणाच्या फाटकाशी उभी होती.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मला इथे जरा बरं वाटतंय."

"किती दिवस?" हार्लनने विचारलं.

"बघू या."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. हार्लन पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला तो राहिलाच. मागच्या कोंबडीवालीने त्याला ढकलून आत घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परत गेलो. हार्लनने नवा कोट शिवला होता. रस्ताभर तो बोलत होता, लेटीला म्हणे पॅरिसमध्ये एक वरच्या मजल्यावरची खोली आवडली होती, तिला गच्ची आहे, तो ती घेणार आहे. मी हो हो म्हणत होते.

लेटी आम्हाला पाहून धावत आली, गळ्यात पडली. ती तरुण दिसत होती. हार्लन तिच्याबरोबर आत गेला आणि मी चुलीपाशी शेक घ्यायला थांबले.

चुलीच्या फळीवर हातमोजे वाळत घातले होते. दोन.

मी तपासणी करणारी बाई आहे. पांप्लोनात कातडीकाम करणारे ढिगाने आहेत, कोणीही जोडी पुरी करून देईल. मी दोन्ही उचलले. डाव्याच्या अंगठ्याला काळी शिवण होती. उजवा तितकाच जुना होता. त्याच्या आतलं अस्तर बोटांच्या जागी झिजलेलं होतं, तळव्यात घडी पडलेली होती, आणि शिवणींमध्ये करडा चिखल होता. अर्तोबीची माती लाल आहे. तसला चिखल मी फ्लँडर्समध्ये गाडीच्या चाकांवरून चार वर्षं खरवडला आहे.

मी ते होते तसे ठेवले.

"बाई," मी ग्राशीबाईंना विचारलं, "हे काय आहे?"

त्या पीठ मळत होत्या. "आत आलाय तो. पाठवायचा कसा, मला माहीत नाही. माझ्या आजीलाही माहीत नसतं. असं कोणी केलंच नव्हतं."

"लेटीला त्रास होतो का?"

"त्रास?" त्यांनी पिठाचा हात कपाळाला लावला. "सुखात आहे गं ती. तेच तर."

जेवताना हार्लन उजव्या कडेला बसला, खुर्ची तिरपी करून. लेटी त्याच्या समोर. तिच्या शेजारी एक ताट मांडलेलं होतं, त्यावर मी नजर जाऊ दिली नाही. हार्लनने पेला डावीकडे घेतला, रिकामा केला, आणि माझ्यादेखतच तिला विचारलं.

"हार्लन," ती म्हणाली, "अरे, मी विवाहित बाई आहे."

तेच शब्द. पण या वेळी ती थट्टा नव्हती, आणि बोलून झाल्यावर तिने मान वळवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जरा ओशाळून, घरच्या माणसासमोर भलताच विषय निघाल्यावर बाया बघतात तसं.

हार्लन त्याच संध्याकाळी निघाला. मीही गेले. बसमध्ये या वेळी आम्ही शेजारी बसलो होतो.

"त्या टेबलाशी मी पुन्हा बसणार नाही, विनी," घाट उतरल्यावर तो म्हणाला. "जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही. तिथे बसून त्या दोघांचा संसार बघायचा? नरक वेगळा काय असतो?"

"मेल्यावर कोण बोलावतंय तुला?"

"तुझं काही सांगता येत नाही. तू फार प्रेमळ बाई आहेस." तो हसला, आणि ते आमचं जुनं कॅफेतलं हसू होतं, म्हणून मला रडू आलं.

स्पेनमध्ये आपसातलं युद्ध पेटण्याआधीच्या हिवाळ्यात तो छातीच्या दुखण्याने पॅरिसमध्ये गेला. मी त्याला नीट पुरलं, दगडावर नाव कोरून घेतलं. त्याच्या खोलीत एक पत्र्याची डबी सापडली. गळाला लावायच्या, पिसांच्या खोट्या माश्या होत्या तिच्यात, लेटीने पहिल्या वर्षी स्वतः बांधून दिलेल्या. एकही वापरलेली नव्हती. डबी माझ्याकडे राहिली.

मग ते युद्ध, मग पुन्हा जगाचं, मग सरहद्द बंद. उघडली तेव्हा मी म्हातारी झाले होते. कॅफेतल्या आमच्या टेबलाशी कोणी वेगळीच तरुण मंडळी बसायची. मला एकदा लेटीला भेटायचं होतं. ज्याला ते हसू आठवतं असं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. आणि ती डबी तिच्या हातात द्यावी, एवढंच वाटत होतं.

नव्या बसने मला चर्चसमोर सोडलं. गिरणी पडली होती, मोठा रस्ता खणून ठेवला होता, आणि माझा गुडघा सुजलेला. बांधांमधली वाट मात्र जशीच्या तशी होती. मला ती कसली वाट आहे हे आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण मी एकटीच होते, जिवंत होते, आणि बॅग जड होती. दगडी क्रुसापाशी दम खायला बसले, मग उठून वर गेले.

लेटीचे केस पांढरे झाले होते. ग्राशीबाई केव्हाच गेल्या होत्या, मुलगा काही परतला नाही, आता ओलाबेची बाई तीच. चर्चमध्ये घराच्या जागेवर काळी ओढणी घेऊन तीच बसायची. चुलीच्या फळीवर हातमोजे होते. तिने माझे दोन्ही हात धरले, आम्ही दोघी रडलो, हसलो, कॅफेतल्या वेटरची नक्कल केली. असं वाटलं, मधली वर्षं कोणीतरी उगाच घातली होती.

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "मासे तयार आहेत."

मी जाताना टेबलावर तीन ताटं होती. तिचं, माझं, आणि तिच्या शेजारचं. खुर्च्या तेवढ्याच.

परत आले तेव्हा ती चौथं ताट ठेवत होती.

"लेटी, हे कुणाचं?"

"असं काय करतेस? तूच तर घेऊन आलीस." ती प्रसन्न हसली. "मी खिडकीतून पाहिलं ना. तू क्रुसापाशी टेकलीस, तेव्हा तो मागेच उभा होता. किती वाळलाय गं! बरं झालं आणलंस. ऑब्री कधीपासून त्याच्याबद्दल विचारतोय."

मला पर्सची आठवण झाली. पर्स खुंटीला होती, आणि तिच्यात ती डबी होती.

"लेटी, मी ही परत नेते. आत्ताच नेते. मोठ्या रस्त्याने."

"ने की," ती मासे वाढत म्हणाली. "डबी न्यायला काय हरकत आहे?"

चारही ताटांत मासे वाढून झाले. ती बसली. मी उभीच होते.

टेबलाच्या उजव्या कडेला, जिथे मघाशी काहीच नव्हतं, तिथे खुर्ची होती. ताटाजवळचा पेला डावीकडे सरकवलेला होता. खुर्ची तिरपी होती. नेहमीपेक्षा जास्त तिरपी.

टेबलाकडे पाठ करून ती पूर्ण दाराकडे वळलेली होती.